पंखे ऐकणारे अप्पा

मैलापूरच्या सभेत लोक गाणं ऐकायला जात, अप्पा पंखे ऐकायला जात. सभा म्हणजे मद्रासकडे मैफली भरवणारी संस्था. गवयाने तंबोरा जुळवायला घेतला की अप्पा व्यासपीठाकडे पाठ करून, मान वर करून उभे राहत आणि कुठल्या पंख्याची घरघर त्या सुराला खाते आहे ते शोधून काढत. मग चिटणिसांना बोटाने दाखवत, "तो बंद करा. बेसूर आहे." त्या पंख्याखालचे श्रोते घाम पुसत मनातल्या मनात काय म्हणत, ते मी सांगत नाही. पुष्कळदा मीही तिथेच बसलेली असे.

अप्पा आमचे घरमालक, तंजावरकडचे मराठी. साठ साली आम्ही पुण्याहून बदलीवर मद्रासला आलो, तेव्हा ते नुकतेच विद्युत अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात डोंगरातल्या एका वीजघरात, जनित्रांच्या शेजारी गेलेली. "डाक्टर नाडी बघतांत, आम्हीं आवाज बघत होतों," असं ते म्हणत. यंत्र मोडायच्या आधी कण्हतं, यावर त्यांची श्रद्धा होती. निवृत्ती मात्र त्यांनी अंगाला लावून घेतली नाही. सभेच्या पंख्याचं बेअरिंग खिशात टाकून ते सकाळच्या गाडीने अंबत्तूरच्या एखाद्या कारखान्यात जात आणि ते दुरुस्त करून घेऊनच परतत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अम्मा, म्हणत, "नोकरींत होते तेव्हां आयतवारीं तरी घरांत दिसायचे."

एका संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या अप्पांनी महापालिकेची तोंड भरून स्तुती केली. "डास अस्के गेले की! एकाची गुणगुण नाही." अस्के म्हणजे त्यांच्याकडच्या मराठीत सगळे. अम्मांनी त्यांच्या दंडावर एक चापट मारली आणि तळहात पुढे केला. डास चांगला पोसलेला होता.

दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. अप्पांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू! अप्पांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं, आम्ही दोघींनी मागून काहीतरी वाजवायचं, ऐकू आलं की त्यांनी हात वर करायचा. देवघरातल्या घंटेला हात ताबडतोब वर गेला, किल्ल्यांना अर्धवट. अम्मांनी बांगड्या वाजवल्या तेव्हा तो मांडीवरच राहिला. त्यांनी पुन्हा वाजवल्या, मग जोराने.

"वाजवा की!" अप्पा म्हणाले.

"वाजवल्या," मी मोठ्याने सांगितलं.

"अय्यो! म्हणजे बारीक आवाज आधीं जातो!" त्यांना एखादा खजिना सापडल्याचा आनंद झाला. अम्मा उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला अप्पांचा भयंकर राग आला. कुतूहलालाही माणसाने काही सुमार ठेवावा. पण मी जायला निघाले तेव्हा अप्पाच हळूच म्हणाले, "सभेंत हें कोणाला सांगू नका. कान गेला म्हणजे मला कोण विचारील?"

डिसेंबरातली पहिली मोठी मैफल. अम्माही माझ्या शेजारी होत्या. अप्पांनी एक पंखा बंद करवला, मग दुसरा, मग त्याच्या पलीकडचा. घरघर काही जाईना. होता होता सगळे पंखे थांबले. लोक हातातल्या कागदांनी वारा घेऊ लागले. गवई तंबोऱ्यावरचा हात थांबवून बघत राहिला.

"अजून एक चालू आहे," अप्पा म्हणाले.

चिटणिसांनी हात जोडले. "सार, सगळे बंद आहेत."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हांला ऐकूं येत नाही?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही, अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले, मान तिरपी केली आणि बराच वेळ त्या आवाजाचा माग काढत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं हसू आलं.

"अगे," ते अम्मांना म्हणाले, "हें आमचें वीजघर. माझ्या डोक्यांत चालतें आहे!"

मग चिटणिसांकडे वळून, सगळ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पंखे लावा, अस्के लावा. त्यांची कांही चूक नाही. माझे कान गेले."

पंखे फिरू लागले. अप्पा अम्मांच्या शेजारी येऊन बसले, पहिल्यांदाच व्यासपीठाकडे तोंड करून. गाणं सुरू झालं तसे ते चुळबुळ करू लागले.

"काय गातो आहे? कसा गातो आहे?"

अम्मांनी पदराने डोळे टिपले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"तुम्हीं उगे बसा. मी ऐकून सांगतें."