घरातला पहिला ब्रदर

त्या घरात मुलगा जन्मला की तो ट्रकच चालवणार, हे त्याला दात येण्याआधीच ठरलेलं असे. आजोबांनी चालवला, वडिलांनी चालवला, काकांनी तर एका पुलाचा कठडा तोडून घराण्याचं नाव दूरवर पोचवलं. थोरला भाऊ मिसरूड फुटताच स्टिअरिंगला चिकटला. धाकट्याचं मात्र गाडीशी उभं वैर. पहिलं वळण आलं की तो पांढराफटक पडे, दुसऱ्याला खिडकी शोधे आणि तिसऱ्यापर्यंत ती सापडली नाही, तर शेजारी बसलेल्याचं काही खरं नसे.

वडिलांनी हरतऱ्हेचे उपाय केले. त्याला लिंबू चोखायला लावलं, उपाशी बसवलं, भरपेट बसवलं. शेवटी त्याने गिऱ्हाईकाच्या कोऱ्या करकरीत गाद्यांवर उलटी केली, तेव्हा घराण्याने हात टेकले.

त्याच सुमारास आजी अंथरुणाला खिळली. ट्रक चालवणारे सगळे खंदे पुरुष तिच्या खोलीच्या दारापर्यंत येत, घसा खाकरत आणि काहीतरी काम आठवून निघून जात. तिची कूस बदलणं, अंग पुसणं, भांडं देणं, सगळं धाकट्याने केलं. गंमत म्हणजे त्याला तिथे एकदाही मळमळलं नाही. आजी गेल्यावर त्याने जेवताना सांगून टाकलं, "मी नर्सिंगला जातोय."

"म्हणजे कंपाउंडर?" वडिलांनी आशेने विचारलं.

"नर्स."

"पुरुष नर्स?"

"मी गेलो की तेच होणार ना."

काकांना हसताना ठसका लागला. त्यांची पाठ चोळायलाही धाकट्यालाच उठावं लागलं.

आईने लोकांना सांगायची सोय शोधली. कोणी विचारलं की ती म्हणे, "दवाखान्यात असतो." वाक्यात खोटं काहीच नव्हतं. शेजारीण हळहळून विचारे, "काही सुधारणा?" आई म्हणे, "चाललंय." कोपऱ्यावरच्या शिंप्याने एका नामी वैद्याचा पत्ता दिला. धाकटा सुट्टीला घरी आला, तेव्हा शेजारणीने त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "बघा, रंग आला की नाही परत?"

तो पास झाला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात लागला. वॉर्डात सगळे त्याला ब्रदर म्हणत. घरी त्याचा विषय कोणी काढत नसे.

आणि मग वडील पडले. उभा जन्म अवघड वळणं लीलया काढलेला हा माणूस बल्ब बदलताना स्टुलावरून कोसळला. मांडीचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्येही ते ड्रायव्हरला गिअर कसा टाकावा ते शिकवत होते. गाडी कुठे चालली आहे हे कळलं, तेव्हा कुठे गप्प झाले.

ऑपरेशननंतर त्यांना धाकट्याच्याच वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते.

"हा ब्रदर तुमच्या ओळखीचा दिसतो," ते म्हणाले.

"बघण्यातला आहे," वडील म्हणाले.

धाकटा त्यांच्याच हाताला सलाइनची सुई चिकटवत होता. चिकटपट्टी वाकडी गेली, ती काढून त्याने पुन्हा लावली.

दुपारी व्हायची ती अडचण झाली. वडिलांनी बराच वेळ कळ काढली. मग दबक्या आवाजात म्हणाले, "दुसरं कोणी नाही का?"

"सिस्टर आहेत. बोलावू?"

वडिलांनी छताकडे पाहिलं. जन्मभर ज्याला अरेतुरे केलं, हाकेसरशी उठवलं, त्याला पहिल्यांदाच आदराने म्हणाले, "ब्रदर, पडदा ओढा."

पुढे रोजचंच झालं. एका सकाळी तो त्यांना कुशीवर वळवत होता, तेव्हा वडील भिंतीकडे तोंड करूनच बोलले.

"माझ्या आईला असंच करायचास?"

"हो."

"दुखायचं तिला?"

"दुखायचं. पण तुमच्याइतकी ओरडायची नाही."

वडील हसले नाहीत. त्याचा हात पाठीखालून निघेपर्यंत त्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

घरी सोडायच्या दिवशी पोस्टमन म्हणाले, "काही म्हणा, ब्रदरचा हात हलका आहे."

"असणारच. मुलगा कोणाचा आहे?"

"तुम्ही तर बघण्यातला म्हणाला होतात."

"मग? जन्मल्यापासून बघतोय."

घरी आल्यावर तर इतिहासच बदलला. "मीच घातला त्याला या लाइनला," वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. "म्हटलं, ट्रकमध्ये काय ठेवलंय?" आई हे ऐकून शांतपणे ताटं मांडत राही. नवी वाट काढल्याचं बक्षीसही धाकट्याला लगेच मिळालं. त्याची सुट्टी असली की ज्यांनी त्याला हसून घेतलं होतं, ते सगळे ड्रायव्हर कंबर, गुडघे आणि मूळव्याध घेऊन दारात हजर. दमून घरी आलेल्या माणसाला झोपू द्यावं, हे कोणाच्या गावीही नसे.

काका पहिल्या नंबरावर. रक्तदाबाचा पट्टा बांधून घेत ते मायेने म्हणाले, "चांगलं चाललंय तुझं. पण एक लायसन काढून ठेव. नोकरीचा काय भरवसा?"

धाकट्याने मान डोलावली आणि पट्ट्यात हवा भरली. गरजेपेक्षा जरा जास्तच.