सकाळी नऊचं फूल

माझे बाबा दुसऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या धुवायचे. चौतीस वर्षं. गच्चीवरच्या, जमिनीखालच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. आत उतरून, गुडघ्यांवर बसून, कोपरे घासून. टाकी पुन्हा भरली की वरून एक नाणं टाकायचे आणि तळाशी पडलेल्या नाण्यावरचा आकडा वाचता आला तरच खाली उतरायचे. नाही वाचता आला तर सगळं पाणी परत उपसायचं. मालक वैतागायचे, जोडीदार शिव्या घालायचे, बाबा ढिम्म. घरातसुद्धा पेला आधी उजेडाकडे धरायचे आणि मगच तोंडाला लावायचे. आई म्हणायची, "विष नाही घातलेलं, प्या."

लोकांची सुट्टी म्हणजे बाबांच्या कामाचा दिवस, कारण शाळा-कचेऱ्यांच्या टाक्या तेव्हाच रिकाम्या करता यायच्या. एरवी घरांच्या टाक्या. थोडक्यात, बाबा रोज सकाळी सातला बाहेर पडायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे.

आईने मागच्या दाराशी एका कापलेल्या पिंपात कमळ लावलं होतं. खरं तर ते कमळ नव्हे, पानं पाण्यावर आडवी पसरणारी कुमुदिनी. पण आई कमळ म्हणायची आणि आमच्याकडे आईचं म्हणणं चालायचं. वर्षातून तीन-चारदा त्याला फूल यायचं. ते सकाळी नऊच्या सुमाराला उमलायचं, दुपारी दोन-अडीचला मिटायचं. असं तीन-चार दिवस चाललं की पाण्यात बुडून जायचं. संध्याकाळी बाबा येऊन बघायचे तर मिटलेली कळी.

"हे तुझं फूल? याच्यापेक्षा भेंडी बरी दिसते."

"एक दिवस उशिरा जा ना. नऊपर्यंत थांबा. टाक्या काय पळून जातायत?"

"बघू पुढच्या वेळी."

हे बोलणं मी शाळेत असताना ऐकलं, नोकरीला लागले तेव्हा ऐकलं, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले तरी ऐकलं. आई रागवायची नाही. बाबा आले की त्यांच्या मागे मागे फिरत सांगायची, आज कसं उमललं होतं, पाकळ्या किती होत्या, मधमाशी कशी आत जाऊन बसली. बाबा हं हं करत बूट काढायचे.

मागच्या वर्षी आई आजारी पडली आणि अठरा दिवसांत गेली. बाबा त्यानंतर कामावर गेलेच नाहीत. दवाखान्याच्या फेऱ्यांत मागचं दार कुणी उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा पिंप तडकलेलं, पाणी गळून गेलेलं, चिखल वाळून भेगाळलेला. बाबा तिथेच खाली बसले आणि बोटांनी चिखल उकरत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांना आल्याच्या तुकड्याएवढा कंद सापडला, एका टोकाला अजून ओला. त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या पातेल्यात पाणी घालून ठेवला आणि मला म्हणाले, "मला ते फूल बघायचंय."

आई गेल्यापासून त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

पिंप नको, ते पुन्हा तडकेल. म्हणून त्यांनी मागच्या अंगणात तळंच खणायचं ठरवलं. पाण्याचा पाईप जमिनीवर टाकून आकार आखला, दहा फूट लांब, सहा फूट रुंद. "खणायला माणूस लावू या," म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप चहा करायला आत गेले. काठाकाठाने वीतभर खोलीची पायरी ठेवली, कडेच्या रोपांसाठी. मध्ये अडीच फूट खोल. पारदर्शक नळीत पाणी भरून सगळा काठ एका पातळीत आहे का ते तपासलं, कारण एक बाजू बोटभर जरी खाली असली तरी पाणी तिकडून वाहून जातं. मग मुळं कापली, खडे वेचले, तळावर हात फिरवून फिरवून पाहिलं. वर वाळू आणि वाळूवर जुन्या सतरंज्या, अस्तराला काही टोचू नये म्हणून. त्यातली एक आईची होती. ती अंथरताना बाबा थांबले, मीही थांबले. मग अंथरली.

अस्तराचा जाड काळा कागद घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, दहा बाय सहाचं तळं ना, मग बारा बाय आठ पुरे. बाबांनी त्याला समजावलं की कागद दोन्हीकडून खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, शिवाय काठावर फूटभर जास्त लागतो, तेव्हा सतरा बाय तेरा.

"काका, तुम्ही तळी बांधता का?"

"नाही. टाक्या रिकाम्या करतो."

पाणी सोडलं तेव्हा बाबा अनवाणी आत उभे होते. पाणी चढेल तशा कागदाच्या सुरकुत्या ओढून घड्या बसवत होते. भरल्यावर जास्तीचा काठ कापला, वर चपटे दगड रचले. कंद जाळीच्या टोपलीत, बागेतल्या जड मातीत लावला, वर बारीक खडी. टोपली विटांच्या थरावर ठेवली. पानं मोठी होतील तशी एकेक वीट काढायची. हे सगळं रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी आणखीही एक सांगितलं होतं, "पहिले काही आठवडे पाणी हिरवं होईल, हात लावू नका." ते मात्र बाबांच्या कानात शिरलं नाही.

नवव्या दिवशी पाणी हिरवं झालं.

मी संध्याकाळी गेले तर बाबा तळ्यात. पंप लावून पाणी उपसलेलं, अस्तर ब्रशने घासून लख्ख, टोपली बाजूला उन्हात. पुन्हा भरलं, नाणं टाकलं, आकडा वाचला, चेहरा तृप्त. पंधरा दिवसांनी पुन्हा हिरवं, पुन्हा उपसा. तिसऱ्यांदा तर त्यांनी पानंसुद्धा फडक्याने पुसली. पहिलं पान तळहाताएवढं आलं होतं, पुढचं निम्मं आलं, त्याच्या पुढचं नखाएवढं आणि कडेने पिवळं.

मी बाईंना घेऊन आले. त्यांनी तळ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "काका, दर वेळी नवं पाणी घातलंत की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. रोपं वाढली, पाण्यावर सावली धरली, की तो हिरवेपणा आपोआप जातो. पाणी जुनं होऊ द्या."

"घाणीत ठेवू तिचं कमळ?"

"घाण नाही हो ती. जिवंत पाणी आहे."

बाई गेल्या आणि बाबा सरळ पंपाकडे वळले. माझं डोकं फिरलं. त्या आवाजात मी बापाशी आजवर बोलले नव्हते. "मारताय तुम्ही ते! तिने इतकी वर्षं हिरव्या पाण्यातच सांभाळलं आणि तुम्ही धुऊन धुऊन मारताय. तिने पिंपातलं पाणी कधी बदललं नाही. पण तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्ही घरात होतात कधी?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला जीभ चावावीशी वाटली. बाबा खाली वाकले. पंपाची वायर गुंडाळली, सगळे ब्रश धुतले आणि माझ्यापुढे आणून ठेवले. "घेऊन जा. घरात राहिले तर माझा हात राहायचा नाही."

पुढचे सहा आठवडे त्या माणसाने जे सोसलं ते मीच जाणे. रोज सकाळी फोन. "आजपण हिरवंच." काठावर बसायचे ते दोन्ही हात काखेत दाबून. बाईंनी डासांसाठी गप्पी मासे दिले तेव्हा तर रडकुंडीला आले. "अहो, ते पाण्यातच सगळं उरकणार की!" पण मासे सोडले, आणि पाण्याला हात लावला नाही. सातव्या आठवड्यात एक दिवस फोनवर नुसतंच म्हणाले, "खालची वीट दिसतेय." त्यानंतर पानं मोठी व्हायला लागली, टोपलीखालच्या विटा एकेक करून निघाल्या, आणि एका संध्याकाळी पाण्याबाहेर बोटभर कळी आली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ऑफिसात घरी पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. आठ वाजता आम्ही दोघं काठाशी खुर्च्या टाकून बसलो.

"रंग कुठला सांगायची गं ती?" बाबांनी विचारलं.

मला आठवेना. "पांढरा असेल."

"असेल काय? तू तर पाहिलंस की."

मी पाहिलं नव्हतं. नऊ वाजता मी शाळेत असायचे, मग ऑफिसात, मग माझ्या संसारात. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत अंथरुणात, आणि उठल्यावरही मागच्या दाराकडे फिरकायचे नाही. एवढी वर्षं त्या घरात ते फूल आईने एकटीने पाहिलं होतं, आणि संध्याकाळी तिच्याकडे फक्त सांगणं उरायचं. बाबांना मी इतकं बोलले, पण मीही त्याच रांगेतली होते. मला स्वतःची लाज वाटली आणि आई खूप हवीशी झाली.

"नाही पाहिलं, बाबा," मी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा कळीकडे पाहायला लागले.

नऊला काही मिनिटं कमी असताना बाहेरच्या हिरव्या पाकळ्या सुटल्या. मग आतल्या, एकीमागून एक, अगदी सावकाश. फिकट गुलाबी रंग, टोकाकडे पांढुरका, आणि मध्ये पिवळेधमक केसर. बाबा खुर्चीवरून उठले आणि काठावर गुडघ्यांवर बसले. डोळे फुलावरून न काढता त्यांनी मान जराशी घराकडे कलती केली आणि हाक मारली.

"अगं ए! ये लवकर. उमललं बघ."

ही हाक आमच्या घरात एकाच माणसासाठी होती. म्हणून मी जागची हलले नाही. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते फक्त थोडे बाजूला सरकले आणि काठावर शेजारी तिच्यापुरती जागा केली.