दूधकट्ट्याची हरकत

माझ्या खुर्चीभवती त्यानं फवारा मारला. गुलाबाच्या वासाचा. बाथरूममधी मारत्यात तसला.

मंगल कार्यालयाच्या हॉलमधी नव्या दुकानाची सुनावणी हुती. मी धारा काढून, हातपाय धुऊन, इस्तरीची साडी नेसून आलते. कंपनीचा एक टायवाला आला, नाकाला रुमाल लावला, आन् डबा काढून फुस्स फुस्स केलं. पदरावर थेंब पडलं. मागनं कोण तरी हसलं, मग चारजण हसली. त्यो म्हणाला, "मावशी, राग मानू नका. एसी आहे ना, वास कोंडतो."

शेजारी माझा नवरा बसलता. त्यो खाली फरशी बघत ऱ्हायला. मला मेल्याहून मेल्यागत झालं. पण उठून जायची सोय नव्हती.

का नव्हती, ते सांगते. आमचं घर म्हशीवर चालतंय. तिन्हीसांजंला म्हशी घेऊन आम्ही दूधकट्ट्यावर उभं ऱ्हातो. कोल्हापुरात ही रीत जुनी हाय. गिऱ्हाईक आलं की त्याच्या म्होरं धार काढायची आन् फेसासकट पेला हातात द्यायचा. तालमीतली पोरं येत्यात, सायकलीवर नातवंडं बसवून म्हातारी माणसं येत्यात. डोळ्यादेखत काढलेलं दूध, त्यात पाणी न्हाय का पावडर न्हाय. आमची सगळी इज्जत त्या एका गोष्टीवर हाय. दुसरं हाय काय आमच्यापाशी?

कट्ट्याला लागून आण्णांची, म्हंजी आमच्या जागामालकाची, मोकळी जागा हाय. तिथं मोठं दुकान येणार. कोथिंबिरीपास्नं फ्रिजपातूर सगळं एका छपराखाली, आन् गाड्या लावायला आमचा कट्टा. आमचा गोठाबी आण्णांच्याच जागेत. माझी पोरगी सुप्रिया, बीकॉम झालीया, तिला दुकानात नोकरी लावतो म्हणूनबी आण्णांनीच शब्द दिलेला. आता सांगा, तोंड कुठनं उघडायचं? हिकडं गोठा, तिकडं पोरगी.

दुकानानं आसपासच्या लोकांवर काय परिणाम हुईल ते बघायला माणसं आली. कुणी पाठवली? कंपनीनंच! दुकान तिचं, परिणाम बघणारी माणसंबी तिचीच. एक साहेब म्होरं, बाकीची मागं. साहेबाला धार काढतानाचा व्हिडिओ पायजे हुता. भर दुपारी. आण्णांनी निरोप धाडला म्हणून आम्ही एकटी कावेरी म्हस कट्ट्यावर आणली.

"काढून दाखवा," साहेब म्हणाला.

"आत्ता न्हाय द्यायची ती. सांजंला या की."

"संध्याकाळी आम्ही निघतोय."

आण्णा शेजारीच उभं. नवरा म्हणाला, "बस गं. काय हुतंय?"

बसले. म्हशीला आधी रेडकू लावावं लागतं. त्यानं दोन ढुशा दिल्या की ती सैल पडती, पान्हा सोडती. रेडकू गोठ्यात, वेळ दुपारची, म्होरं कॅमेरा घेतलेली अनोळखी माणसं. कावेरीनं कास आखडून धरली. दोन चिळकांड्या आल्या आन् बंद. पाय झाडला, चरवी लवंडली. साहेब हसत मोठ्यांदा म्हणाला, "मग इंजेक्शन टोचा की! तसंच काढता ना तुम्ही लोक?"

रस्त्यावर माणसं थांबलती. त्यात आमची रोजची गिऱ्हाइकं. आईवरनं शिवी दे, आम्ही ऐकून घिऊ. पण इंजेक्शन टोचून पान्हा सोडवणं म्हंजी भेसळीपरीस वंगाळ, कट्ट्यावर त्यो शब्द कुणी काढत न्हाय. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"काय बोल्ला वो तुमी?"

"गप गं," आण्णा म्हणालं, "साहेब चेष्टा करत्यात."

आन् माझ्या नवऱ्यानं त्या माणसाला हात जोडलं. मी लवंडलेली चरवी उचलली आन् कावेरीचं दावं धरून गोठ्याकडं चालू लागले. काय करणार हुते?

दुसऱ्या दिवशी आण्णा घरी आलं. चहा घेतला. म्हणालं, "सुनावणीला उठायचं, आमची काय हरकत न्हाय, एवढंच म्हणायचं. बाईमाणसानं म्हटलं की बरं दिसतंय. मागच्या बाजूला गोठा ठिवतो तुमचा." नवऱ्यानं ते वाक्य माझ्याकडनं घोकून घेतलं. पोरगी म्हणाली, "आई, एक वाक्य हाय. म्हण की." तिच्यावर राग तरी कसा काढू? तिच्या अंगाला शेणाचा वास येऊ ने म्हणून तर शिकवली मी तिला.

म्हणून त्या फवाऱ्यातबी मी खुर्चीला चिकटून बसलते.

मग पडद्यावर त्यांचा अहवाल लावला. साहेब वाचत हुता, "स्थानिकांवरील परिणाम नगण्य." मी नवऱ्याला इचारलं, नगण्य म्हंजी? त्यो म्हणाला, "मोजण्याजोगं न्हाय काय." तेवढ्यात पडद्यावर मीच दिसले. हॉलभर मोठी. कावेरी पाय झाडतीया, चरवी लवंडतीया, मी शेणात हात टेकून उठतीया. खाली लिव्हलेलं, "दूध विक्री : अस्वच्छ, अनियमित." लोक परत हसली.

साहेब म्हणाला, "पण ही परंपरा आम्ही जपणार आहोत. दर रविवारी दुकानाच्या दाराशी एक म्हैस सजवून उभी करू. मावशी नऊवारी नेसून धार काढतील. ग्राहकांना फोटो काढता येतील."

टाळ्या पडल्या. आण्णांनीबी वाजवल्या.

मी जन्मात नऊवारी नेसलेली न्हाय. तवा मला लख्ख दिसलं. म्हशीला झूल, मला नऊवारी, आन् दोघींनी दारात उभं ऱ्हायाचं. दूध कुणाला पायजे हुतं? दूध तर ते आत पिशवीतलं इकणार. त्यांना मी शोभेला पायजे हुते. आन् मी ती शोभा व्हायला माझ्या तोंडानं हो म्हणणार हुते! माझी मलाच किळस आली.

माइक आला. आण्णा मान हलवत हुतं, म्हण, म्हण.

"आमची हरकत हाय," मी म्हटलं.

नवऱ्यानं माझा पदर वढला. मी सोडवून घेतला.

"ह्यो व्हिडिओ रेडकू नसताना भर दुपारी काढाय लावलेला हाय. इंजेक्शन ह्या साहेबाच्या तोंडात हाय, आमच्या हातात न्हाय. मी रविवारचा तमाशा करणार न्हाय. हरकत लिव्हून घ्या. माझ्या म्होरं लिव्हा."

"मावशी, भावनिक होऊ नका," साहेब म्हणाला. माइक काढून घेतला. स्टेजवर बसलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं मान न उचलता म्हटलं, "नोंद घेतली. पुढचे." कुणी टाळी वाजवली न्हाय. कट्ट्यावर माझ्यासंगं धारा काढणारी माणसं हुती चौघं, तीबी फरशी बघत बसली.

आण्णांनी दारातच सांगितलं, "गोठा रिकामा करा." पोरीची नोकरी गेली. ती दोन दिस जेवली न्हाय, माझ्याशी बोललीबी न्हाय. नवरा म्हणतो, तुझ्या एका तोंडानं घर बसलं. खरं हाय त्याचं. गोठ्याला जागा हुडकतोय, शहरात कुणी देत न्हाय. शहराभायेर गडमुडशिंगी गावाला भाऊ जागा देतोय, पण तिथनं रोज म्हशी आणायच्या कशा? सुनावणीचा निकाल आलेला न्हाय, आन् आण्णांच्या जागेला पत्र्याचं कुंपण घालायचं काम सुरूबी झालंय. मला ठावं हाय, निकाल काय येणार ते. मी येडी न्हाय.

तरी मी रोज कट्ट्यावर जाते. पत्र्याला पाठ लावून म्हस उभी करते. आण्णांनी दोनदा माणूस धाडला, माफी माग म्हणून. मागणार न्हाय. पोरगी रडली तरी न्हाय, घर उपाशी ऱ्हायलं तरी न्हाय. जेसीबी आला तर त्यानं माझ्या अंगावरनं जावं, न्हायतर मला हाताला धरून फरफटत न्यावं. माझ्या पायानं मी तिथनं हलणार न्हाय.