सुमतीअक्का आणि बालवाडीचे पिवळे गज

सुमतीअक्का कोणत्याही वस्तूचा आकडा तीन वेळा पाहिल्याशिवाय तोंडाबाहेर काढत नसत. गुजरीतील, म्हणजे सराफ गल्लीतील, त्यांच्या अरुंद दुकानात दागिन्यांचा टंच, म्हणजे शुद्धता, पाहण्याचे यंत्र होते. आकार लहानशा पेटीएवढा. दागिना आतल्या भोकावर ठेवून झाकण लावले की खालून क्ष-किरण सुटत, आणि सोने किती, चांदी किती, तांबे किती हे पडद्यावर उमटे. दागिना वितळवणे नाही, घासणे नाही. इतर दुकानदार एकदा पाहून चिठ्ठी फाडत. अक्का मात्र दागिना पुसून तीन ठिकाणी फिरवून ठेवत आणि तिन्ही आकडे जुळले तरच बोलत. न जुळल्यास चौथ्यांदा. गिऱ्हाईक किती का खोळंबेना, त्यांना त्याचे सोयरसुतक नसे.

अशाच एका खोळंब्यात आमची ओळख झाली. मी कचेरीसमोर टेबल मांडून अर्ज लिहून देतो. शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझ्या अर्जातील मराठीपुढे पदवीधर कारकूनही मान तुकवतात, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. एका तालमीने माझा जाहीर सत्कार करून मला अंगठी अर्पण केली होती. ती मी अक्कांपुढे ठेवली. तीनदा पाहून त्या म्हणाल्या, "पावणं, वरनं सोन्याचं पाणी हाय, आत निस्तं तांबं. सत्कार खरा असंल, अंगठी न्हाय."

दुकानातले चौघे हसले. मी आठवडाभर त्या गल्लीतून गेलो नाही. परंतु पुढे माझ्या लक्षात आले, की ज्यांची भीड राखायला हवी अशा बड्या सराफांनाही त्या हेच आणि याच आवाजात सांगत. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातील ही बाई. यजमान वारल्यावर दुकान स्वतः चालवू लागली. दिवस मावळायच्या आत जेवायचे, म्हणून पाच वाजता शटर खाली. मग दारात कोणीही उभा असो. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्याही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असेच बोलत. "मी निघालो. उद्या या. सोनं नासत न्हाय रातीत."

मूळ प्रकरण सुरू झाले ते मंगलताईंच्या मंगळसूत्रातील डोरल्यापासून. मंगलताई आमच्या पेठेतील बालवाडीच्या सेविका. डोरले झिजले म्हणून मोडून नवे करावे, या विचाराने त्यांनी ते टंचाला आणले, आणि पडद्यावर सोन्याच्या जोडीला शिसे दिसले. मंगलताईंनी सोनाराला बोलावून आणले. सोनार शपथा घेऊ लागला, मंगलताई रडू लागल्या. अक्कांनी दोघांनाही गप्प केले. "आधी बघू तरी द्या. मग भांडा, हवं तर मी बी येतो भांडायला." भिंग लावून पाहिले, तर डोरल्याच्या वाटीच्या कडेला पिवळा कण अडकला होता. सुईने तो काढला, डोरले पुसून पुन्हा ठेवले. शिसे नाहीसे झाले. मग नुसता तो कण ठेवला. शिसे.

"हे पिवळं कुठलं, मंगल?"

"बालवाडीच्या खिडकीचं, अक्का. मी गजांना टेकून बसतो न्हवं का. रंग पोपडा होऊन गळतोय. पोरं तर गज चाटत्यात."

सोनार सुटलो म्हणून पळाला. अक्का मात्र दुसऱ्याच दिवशी बालवाडीत जाऊन तीन गजांचे तीन पोपडे तीन पुड्यांत घेऊन आल्या. तिन्हींत शिसे निघाले. शिसे असलेला रंग पोटात गेला की लहान मुलांची डोकी मंदावतात, हे कोणा डॉक्टरकडून जाणून घेऊन त्या माझ्या टेबलापाशी आल्या. एवढी वर्षे मी त्यांच्या दारात उभा राहिलो होतो. त्या माझ्या दारात प्रथमच येत होत्या. मला अर्थातच बरे वाटले.

"लिवा," त्या म्हणाल्या. "एक, ह्या रंगात शिसं हाय. दोन, किती हाय ते मला नक्की सांगता येत न्हाय, कारण मशीन दागिन्याचं हाय, रंगाचं न्हाय. मोठ्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. तीन, रंग काढायचा तर सुट्टीत, पोरं नसताना. चार, कोरडा घासायचा न्हाय, पाणी मारून काढायचा. पाच, नंतर झाडू लावायचा न्हाय. वल्ल्या फडक्यानं पुसायचं."

"अक्का, हा अर्ज आहे की पाककृती?"

"पाककृतीत मीठ इसरलं तर जेवताना तरी कळतं. हितं कळायचं बी न्हाय."

आता माझ्या व्यवसायाचा पहिला नियम सांगणे भाग आहे. एका अर्जात एकच मागणी असावी. पाच मागण्यांचा अर्ज पाच टेबले फिरतो आणि सहाव्यावर मरतो. दुसरा नियम असा, की अर्जात शंका लिहू नये. 'नक्की सांगता येत नाही' हे शब्द म्हणजे साहेबाला निसटण्यासाठी आपणच ठेवलेले खिंडार. सबब मी लिहिले, ते माझ्या मते माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम अर्जांपैकी एक होते. 'निष्पाप बालकांच्या मुखी जाणारे हे जहाल विष तात्काळ खरवडून काढण्यात यावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपले कार्यालय सर्वस्वी जबाबदार राहील.'

पाचला दहा मिनिटे कमी होती. अक्कांनी घाईने सही केली आणि विचारले, "सगळं लिवलंय न्हवं?"

"लिहिले आहे," मी म्हणालो.

माझ्या बावीस वर्षांच्या व्यवसायात रस्त्याचे, पाण्याचे, पेन्शनीचे कितीतरी अर्ज धूळ खात पडले. हातकणंगल्याच्या एका म्हाताऱ्याचा सात-बारा दुरुस्त होईपर्यंत म्हातारा हयात राहिला नाही. आणि हा एक अर्ज असा निघाला, की त्याची अंमलबजावणी नवव्या दिवशी झाली! ज्या कार्यालयाला 'तात्काळ' या शब्दाचा अर्थ कधी कळला नव्हता, त्याला तो नेमका याच वेळी कळावा, याचा मला आजही संताप येतो.

मंगलताईंचा निरोप आला तेव्हा अक्का आणि मी बरोबरच पोहोचलो. सकाळचे अकरा. ठेकेदाराची दोन माणसे तारेच्या ब्रशाने आणि पॉलिशपेपरने कोरडे गज घासत होती. उन्हाच्या पट्ट्यात पिवळी धूळ तरंगत होती. आणि त्या धुळीत वीस-बावीस मुले ताटल्या घेऊन खिचडी खात होती.

"थांबवा! आधी पोरं भाईर काढा!" अक्का ओरडल्या.

"आजी, वरनं ऑर्डर हाय," ब्रशवाला म्हणाला. "तात्काळ खरवडा म्हणून. कागद बघा की."

त्याने कागद दाखवला. माझेच वाक्य जसेच्या तसे उतरवले होते. अक्कांनी ते चष्मा सावरून वाचले. एकदा, दोनदा, तीनदा. मग माझ्याकडे पाहिले.

"पाणी कुठं हाय ह्यात?"

मी नियम सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले. "तुमचा नियम कचेरीचा. पोरांचा न्हाय. मी इचारलं तवा 'लिवलंय' म्हणालासा. न्हाय म्हणाला असता तर मी उपाशी झोपलो असतो, पण बसून लिवून घेतलं असतं."

त्यांनी खिचडीच्या ताटल्या ओतायला लावल्या, मुलांचे हात-तोंड धुवून त्यांना देवळाच्या ओवरीत बसवले, आणि त्या स्वतः ओल्या फडक्याने फरशी पुसू लागल्या. मंगलताई बादल्या भरत होत्या, मी ओतत होतो. साहेबांच्या ओळखीतल्या आणि सत्कारमूर्ती असलेल्या मी त्या दिवशी सोळा बादल्या ओतल्या.

त्यानंतर जे घडले, त्याची चीड शब्दांत मावत नाही. मुलांचे रक्त तपासून घ्या, म्हणून अक्का घरोघर फिरल्या. पालक त्यांच्यावरच उलटले. "आमच्या पोराला खुळं ठरवाय आलीस व्हय?" एका बापाने तर दारातून हाकलले. अक्का म्हणाल्या, "खुळं न्हाय रं बाबा, तपासा म्हणतोय. चांगलं निघालं तर मलाच आनंद." दोनच घरांनी ऐकले, त्यांना कळले की या तपासणीसाठी रक्त बाहेरगावी पाठवावे लागते, आणि तीही बारगळली. सराफ कुजबुजू लागले, की बाई सोने सोडून रंग बघत बसते. गिऱ्हाईक रोडावले. अक्का मात्र रिकाम्या दुकानात कोणी खेळणे आणले, कोणी हळद आणली, तर ते तीनदा पाहत आणि शेवटी न चुकता सांगत, "हाय एवढं खरं. किती, ते म्हाईत न्हाय."

मी त्यांची माफी मागितली. लेखी. त्यांनी ती वाचून परत दिली. "मराठी चांगलं हाय तुमचं," एवढेच म्हणाल्या. आज वाटते, की तोंडी मागायला हवी होती.

गेल्या माघात त्या झोपेतच गेल्या. मुलगी बंगळूरला, तिने दुकान आवरले, यंत्र कागलच्या एका दुकानदाराला दिले. त्याला मी फोन करून विचारले, तर म्हणाला, "दागिना असंल तर आणा."

फोन करण्याचे कारण असे, की मागील महिन्यात बालवाडीच्या गजांना पुन्हा रंग दिला. पुन्हा पिवळाच. डबा ठेकेदार घेऊन गेला, त्यावर काय लिहिले होते ते कोणी पाहिले नाही. खालचा जुना रंग सगळा निघाला होता की नाही, हेही कोणी पाहिले नाही. मी अर्ज केला. अक्कांनी सांगितल्या असत्या त्या सर्व मागण्या, सर्व शंकांसह, पाच कलमांत. उत्तर आले, 'रंग नवीन असल्याने प्रश्न उद्भवत नाही.'

परवा मंगलताई टेबलापाशी आल्या. "नवीन रंगात हाय का न्हाय वो? पोरं बसवू का खिडकीकडं?"

लोक माझ्याकडे उत्तरांसाठीच येतात आणि मी आजवर कोणाला उत्तराविना पाठवलेले नाही. दोन-तीन वाक्ये मनात तयारही झाली. मग मी म्हणालो, "मला माहीत नाही, मंगलताई. नका बसवू."

त्यांनी खिडकीपासून चार हातांवर खडूची रेघ ओढली आहे. अलीकडच्या निम्म्या खोलीत बावीस मुले गुडघ्याला गुडघा लावून बसतात.