कांदाचाळीतला रेडिओ आन् वहिनीचं जातं

दर शनिवारी तीच तीच माणसं एका जागी बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. चाळीत कांदा कितीही निवडून भरा, तळाला एखादा मोड काढून बसतोच, तसं!

आमच्या न्हावऱ्याला पंडितअण्णांची कांदाचाळ आहे. अर्ध्या चाळीत कांदा, अर्ध्यात आम्ही. शनिवारी दिवस कलला की तिथं भजन, गवळण, भारूड, जे ज्याला येईल ते गायचं आन् ते तसंच्या तसं आमच्या गावच्याच रेडिओवर जायचं. मशीन सांभाळते शबाना. ढोलकी तिच्या वडलांची, सलीमभाईंची. ते दौंडला रेल्वेत आहेत. टाळ माझ्याकडं. शाळा मी बाहेरूनच पाहिली, पण टाळाला शाळा लागत नाही.

आन् दर शनिवारी खांबाला टेकून बसणारी आमची गंगूवहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. ओव्या लई गोड म्हणते. तिला रेडिओवर एकदाच म्हणायचं होतं, आन् तेही एकाच माणसासाठी. केंदूरला तिची थोरली बहीण, सरूआक्का. आई गेल्यावर आईचं जातं वहिनीनं आणलं, तवापासून आक्कानं बोलणं टाकलं. लग्नकार्यात दोघी एका पंगतीला बसतात, पण आक्का तोंड भिंतीकडं करून जेवते!

"भावजी, माझी ओवी आक्काला ऐकू जाईल का वो?" वहिनी विचारायची.

"नातवाच्या मोबाईलवर ती दर शनिवारी ऐकतीय म्हणं. पर तुमी म्हणा तर आदी!"

*

पहिल्या शनिवारची गोष्ट. शबानानं माईक लावला आन् वायर बघायला बाहेर गेली. आता नवीन वस्तू घरात आली की आपण काय करतो? ट्रॅक्टर असो, मोटार असो, पूजा! पंडितअण्णांनी माईकला हळदकुंकू लावलं, हार घातला आन् त्याच्यासमोरच नारळ फोडला. पाणी सगळं माईकवर.

शबाना आत आली. माईककडं बघितलं. आमच्याकडं बघितलं.

"अण्णा, हे काय केलं?"

"मुहूर्त!"

तिनं माईक पुसला, झटकला, फुंकला. मुका तो मुकाच. शेवटी आपला मोबाईल काढून डब्यावर ठेवला आन् म्हणाली, "यात गा. आन् याच्या जवळ नारळ कुणी आणला तर तो मी माणसावर फोडीन!"

*

पंडितअण्णांना एकदा दोन शब्द बोलायला दिले. अण्णा उभे राहिले आन् ग्रामसभेत बोलावं तसं "व्यासपीठावर उपस्थित" पासून सुरू. सोसायटीचे झाले, डेअरीचे झाले, आजी झाले, माजी झाले. खांबाला टेकलेली वहिनीसुद्धा आली त्यात. गाणारे घसा धरून बसलेले.

शबानानं गुपचूप त्यांचा माईक बंद केला आन् दुसऱ्या माईकवर गवळण सुरू करून दिली. अण्णांना पत्ताच नाही. त्यांचं आपलं चालूच.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर ज्याला त्याला विचारत होते, "कसं झालं भाषण?"

"एक नंबर, अण्णा!" सगळे म्हणाले.

घरी काकूंनाही विचारलं. काकू म्हणाल्या, "लई बरं वाटलं. तुमी बोलायला हुबं राहिल्यावर कवा न्हाई ते गाणं लागलं."

*

सलीमभाई दौंडहून मोटरसायकलवर येतात, ढोलकी मागं बांधून. एकदा फाटक पडलं. मालगाडी अशी की डबा संपता संपेना. इकडं कार्यक्रम सुरू व्हायची वेळ, ढोलकीचा पत्ता नाही. शबानानं फोन लावला.

"अब्बा, कुठं हाय?"

"फाटकात. तू गाणं सुरू कर, मी हितनं वाजवतो."

रस्त्याच्या कडंला बसून वाजवली की माणसानं! फोनमधनं ढोलकी, चाळीत गाणं. फाटकातली माणसं गाड्यांवरनं उतरून टाळ्या धरायला लागली. फाटक उघडलं तरी कुणी हलंना. पाठीमागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न सगळे रेडिओवर!

कार्यक्रम झाल्यावर एकाचा फोन आला. "आज नवीन बेंजो पार्टी आणली का? लई दणक्यात वाजली!"

*

वहिनीचं मात्र जमंना. माईकसमोर बसायची, पदर सारखा करायची आन् गप्प. दोन शनिवार असंच झालं.

"अवो वहिनी, पाठ न्हाईत का ओव्या?"

"पाठ कशाच्या आस्त्यात? हात रिकामा आसला की येतच न्हाईत. खुंटा धरला की येत्यात."

"मग जातं आणू की हितं!"

वहिनी घाबरली. "नगं भावजी. आक्का आवाज वळखंल. आदीच त्या जात्याचा राग हाय तिला. परत पेटायची."

सलीमभाई ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "भाभी, राग गेलाय कुठं पेटायला? हायच की. वळखू द्या."

 पुढच्या शनिवारी सकाळी वहिनी दारात येऊन म्हणाली, "टेम्पो सांगा."

आम्ही चौघांनी जातं उचलून चाळीत ठेवलं. शबाना म्हणाली, "काकी, नुसतं फिरवलं तरी चालंल." वहिनी केवढ्यानं वरडली, "मोकळं जातं फिरवत्यात व्हय गं?" मग घरून सुपात बाजरी आणली. बसली पाय पसरून आन् धरला खुंटा. जातं घरघरायला लागलं तशी वहिनीची भीती गेली. एवढा मोकळा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"केंदूरच्या वाटं, कोण उभी गं दुरून..."

आन् थांबली. गाणं थांबलं, हात चालूच. ह्या दोघी बहिणींची रीत अशी की पहिली ओळ धाकटीची, दुसरी थोरलीची. घरी एकटी दळतानासुद्धा जल्मात वहिनीनं दुसरी ओळ म्हटलेली नाही! तिनं तीच ओळ परत म्हटली. परत थांबली. रेडिओवर नुसती घरघर. शबाना मला खुणा करायला लागली, मी तिला म्हटलं, राहू दे.

तेवढ्यात फोन वाजला. केंदूरचा नंबर. शबानानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

 पलीकडनं म्हातारा, करडा आवाज आला. "तिला म्हणावं, घास लई मोठा टाकतीया. भरडा पडतोय."

वहिनीनं जात्याखाली बघितलं. पीठ खरंच जाडंभरडं पडलं होतं. सुपातली मूठ तिनं अर्धी केली. जात्याचा आवाज बारीक झाला.

"हं," पलीकडनं आलं. "आता म्हण फुडं."

"फुडची तुझी हाय, आक्का."