बोटीवरचं रेडियम

मला राग आला की मी तो गिळत नाही. सासरी आल्यावर बऱ्याच सवयी मोडल्या, ही तेवढी राहिली. त्या शेततळ्याची आठवण निघाली की अजून कानशिलं तापतात, आणि तापू देत.

माहेरी सांगलीत आमचं मोटर भरण्याचं दुकान. पाणबुडी मोटर जळाली की तिच्यातली तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची, हे मी वडिलांशेजारी बसून शिकले. लग्न होऊन आष्ट्याला आले आणि हात रिकामे झाले. नवरा फौजेत. सुट्टीवर येताना त्यानं विचारलं, "काय आणू?" मी रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या बोटीची मोटर मागितली. त्याला चेष्टा वाटली, पण आणली बिचाऱ्यानं.

बोटीचं अंग मी घडवलं. थर्माकोल कापून आकार काढला, त्यावर फायबरचं कापड, वरून रेझिन. वाळलं की घासायचं, पुन्हा थर द्यायचा. परड्यात तो उग्र वास सुटला की सासूबाई नाकाला पदर लावून आत जायच्या. मग मोटर बसवली, बॅटरी बसवली, वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर बसवला. ही एवढीशी मोटर भयंकर तापते, तिला पळताना सारखं पाणी लागतं. त्यासाठी मागे एक बारीक नळी असते. ती तळ्यातलं पाणी आत ओढते, ते मोटरीभोवती आणि कंट्रोलरभोवती फिरतं आणि कडेच्या एका भोकातून बाहेर पडतं. बोट पळताना त्या भोकातून धार उडताना दिसली म्हणजे सगळं ठीक.

नदीत मगरी, म्हणून अशा बोटींची शर्यत ठरली तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेततळ्यावर. मला एकच हवं होतं. चारचौघांसमोर रिमोट माझ्या हातात असावा. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, तसं स्पष्ट विचारलं. तेही फौजेतून निवृत्त झालेले, दिल्या शब्दाचं त्यांना फार कौतुक. "चालव की, कोण नगं म्हणतंय?" म्हणाले. मी किती खूश झाले होते, ते आठवलं की माझीच मला कीव येते.

आदल्या दिवशी दीर बोट घेऊन निघाले. आमच्याकडं ट्रॅक्टर येवो की स्कूटी, ती आधी रेडियमवाल्याकडं जाते. अंगावर नाव चढल्याशिवाय गाडीला गाडी म्हणत नाहीत. "भाऊजी, तिला कायबी चिकटवू नका," मी म्हटलं. "आवं वैनी, बोडकी न्यायची व्हय शर्यतीला?" म्हणाले आणि गेले. बोट परत आली ती थेट मामंजींच्या खोलीत, पूजेला. मला ती दिसली दुसऱ्या दिवशी, तळ्यावर.

दोन्ही कडांना पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं, 'आबांची कृपा'. आबा म्हणजे मामंजीच. रेझिननं बोटांची सालं गेली माझी आणि कृपा त्यांची! नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, फोटो निघाले. फोटोत मामंजी, दीर आणि दिरांचे मित्र. मी नाही, कारण मोबाईल माझ्या हातात देऊन मला फोटो काढायला लावलं होतं.

मी रिमोटसाठी हात पुढं केला. मामंजी दिरांकडं मान वळवून हळू आवाजात म्हणाले, "आता हितं नगं. पावणं-रावळं हाईत. त्यो चालवंल." संपला शब्द.

बोट सुटली आणि पहिल्याच वळणाला सगळ्यांच्या पुढं गेली. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "कुणाची रं बोट?"

"आपलीच की गड्या!" दीर म्हणाले.

मी मात्र बोटीच्या कडेकडं बघत होते. बोट एवढी पळत होती आणि धार कुठंच दिसत नव्हती. "भाऊजी, थांबवा! पाणी फिरंना झालंय!" मी जीव तोडून ओरडले. ते हसले आणि त्यांनी वेग आणखी वाढवला. पुढच्या वळणावर बोटीतून काळा धूर निघाला आणि ती तळ्याच्या मधोमध थांबली.

"कडंच्या भोकाचं काय केलं तुमी?"

"बुजवलं की. तुमच्याकडनं चुकून राह्यलं व्हतं. रेडियमवाला म्हणला, पाणी शिरंल. 'कृपा'तला 'पा' बराबर त्याच्यावर बसवला."

लोक हसत होते. मित्रांसमोर दिरांचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. "आमच्या वैनीनं केलीया ती," ते मोठ्यानं म्हणाले, "मी आपला निस्ता चालवाय आलोय." मामंजींनीही मान हलवली. "बायामाणसाचं काम. चालायचंच."

पळत होती तोवर बोट घराण्याची होती. जळाली, आणि जळाल्यावर माझी झाली.

"व्हय, माझीच हाय!" मी म्हणाले, सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं. "मोटर मी भरीन, बोट मी दुरुस्त करीन. पर मामंजी, पुढच्या बारीला रिमोट माझ्या हातात नसंल, तर ही बोट परड्यातनं भाईर निघायची न्हाई."

मामंजी टोपी सारखी करत गाडीकडं चालू लागले. मी दिरांकडं वळले आणि रिमोटला हात घातला. त्यांनी तो लगेच सोडला. जळालेल्या बोटीचा रिमोट त्यांना नकोच होता.