चहा संपेपर्यंत सीटवर

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसं दर रविवारी एकाच टपरीच्या एकाच बाकावर बसली की ते आपोआप जमतात. अडचण एवढीच की ते वाढतातही. गायकरकाका पहिल्या महिन्यात सायकलवरून पडले ते रस्त्याकडेच्या गुडघाभर पाण्याच्या चारीत. मी मागेच होते, मी पाहिलं. गेल्या रविवारी जोशींनी हाच प्रसंग एका पाहुण्याला सांगितला तेव्हा चारीची विहीर झाली होती आणि काकांना दोर टाकून वर काढण्यात आलं होतं. काका बशीतला चहा संपवत शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दोर जाड होता."

म्हणून म्हटलं, आहेत त्या मापात असतानाच लिहून ठेवावेत.

*

सुरुवात माझ्या थापेपासून झाली, हे आधी कबूल करते.

माझा नवरा शिरीष गेला त्याला दोन वर्षं होतील. यंदा एप्रिलमध्ये मी अंबरनाथच्या शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि बदलापूरला कात्रपच्या आमच्या घरात दिवसभर मी एकटी उरले. मुलगा अनिकेत पुण्याला. त्याचं म्हणणं, इथला फ्लॅट भाड्याने देऊ, तू कायमची इकडे ये. एक खोली त्याने रिकामी करूनही ठेवली होती. मला जायचं नव्हतं. पण का जायचं नव्हतं, हे फोनवर नीट सांगता येईना.

"तिथे तू दिवसभर करतेस काय, आई?" त्याने विचारलं.

समोर खिडकीतून खाली एक बाई सायकलवरून चाललेली दिसली.

"सायकल चालवते," मी म्हटलं.

 अनिकेत म्हणाला, "फोटो पाठव."

आता सायकल घेणं आलं.

*

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिघेजण सायकल घेण्याच्या गोष्टी वर्षभर करत होते. मी त्यांच्यात सामील झाले, म्हणजे चौघं झालो. त्यातल्या जोशींनी सगळ्यांच्या आधी घेतली. जोशी अंबरनाथला बँकेत आहेत, वय सत्तावन्न, आणि निर्णय झटपट घेण्याबद्दल स्वतःवर खूश. त्यांनी मोबाइलवर फोटो बघून रेसची सायकल मागवली. हँडल खाली वाकलेलं, टायर बोटाएवढे, आणि सीट अशी की त्यावर मांजरही विचार करून बसेल.

आम्ही म्हटलं, रविवारी सकाळी चहाला जाण्यापुरती सायकल हवीय आपल्याला. जोशी म्हणाले, घ्यायची तर चांगलीच घ्यावी.

रविवारी ते पुलापलीकडच्या बदलापूर गावापर्यंत गेले आणि आले. सोमवारी बँकेत त्यांनी दिवसभर उभं राहून काम केलं. मंगळवारीही. नव्या मॅनेजरबाईंनी ते पाहिलं आणि मीटिंगमध्ये सांगितलं, सेवा कशी द्यायची ते जोशींकडून शिका, ग्राहक समोर आला की हा माणूस खुर्चीत बसत नाही.

बुधवारी बसायची इच्छा झाली होती, पण आता सोय राहिली नव्हती.

*

विद्या म्हसकर या चुकीतून शिकली. ती शाळेत गणित शिकवते आणि प्रत्येक गोष्टीचा तक्ता करते. सायकलीसाठी तिने दोनशे पानी वही घातली. फ्रेम, टायरची रुंदी, ब्रेकचा प्रकार, गिअर हवेत की नकोत, वजन, हँडलची उंची. चौदा रकाने. रोज संध्याकाळी जिन्यात आम्हाला प्रगती ऐकावी लागे.

तक्ता पूर्ण झाल्यावर जोशींच्या गाडीतून आम्ही उल्हासनगरला हरेशभाईंच्या दुकानात गेलो. हे दुकान त्यांच्या वडिलांचं. छताला सायकली टांगलेल्या, आणि खाली मधोमध एक लोखंडी स्टँड, त्यात कायम एखादी सायकल घट्ट उभी. हरेशभाई साठीचे, चष्मा कपाळावर, आवाज हळू.

विद्याने वही उघडली आणि चौदाही रकाने वाचून दाखवले. हरेशभाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वहीकडे आदराने पाहिलं आणि विचारलं, "सब बराबर है, मॅडम. जाना किधर है?"

विद्याने वही उलटून पाहिली. तो रकाना नव्हता.

*

हरेशभाईंची विकण्याची एक पद्धत आहे. सायकल स्टँडमध्ये अडकवायची, गिऱ्हाइकाला वर बसवायचं आणि हातात चहाचा ग्लास द्यायचा. चहा उकळता असतो, घाईने पिता येत नाही. तो संपेपर्यंत माणूस सीटवर किती वेळा सरकला ते हरेशभाई मोजतात. दोनदा सरकला तर सीट बदलतात, चारदा सरकला तर सायकल. दुकानात एक चक्कर मारून सगळ्यांनाच सगळं चांगलं वाटतं, असं त्यांचं मत. अंगाला खरं काय वाटतं ते दहा मिनिटांनी कळतं.

जोशींना त्यांनी कुतूहल म्हणून विचारलं, तुम्ही घेतली तेव्हा किती वेळ बसून पाहिलं? जोशी म्हणाले, ऑनलाइन घेतली. हरेशभाईंनी त्यांना खुर्ची दिली. जोशी म्हणाले, नको, उभाच बरा.

गायकरकाका चढले तेव्हा मजा झाली. काका बदलापूर गावातले, घरची भातशेती, चाळीस वर्षं आनंदनगरच्या कारखान्यात नोकरी, आता निवृत्त होऊन मुलाकडे आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांना स्प्रिंगची रुंद सीट आणि उंच हँडलवाली सायकल मिळाली. पाठ सरळ, पाय आरामात. चहा संपला तरी काका उतरेनात. दुसरा चहा आला. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाशी त्यांची पावसावर, मग भाताच्या जातींवर बोलणी सुरू झाली. आम्ही तिघं आत हरेशभाईंबरोबर हेल्मेट बघत होतो.

एवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आली. दुकानात मधोमध उंचावर बसून चहा पिणारा माणूस मालकच असणार, असं तिला वाटलं. तिने गुलाबी सायकलबद्दल विचारलं. काकांनी मुलीला जवळ बोलावून तिची उंची डोळ्यांनी मापली, "ही नको, हिला ती निळी दे, दोन वर्षं पुरंल," असं सांगितलं, आणि बाईने निळी घेतली.

हरेशभाई बाहेर आले तेव्हा पैसे द्यायचे तेवढे राहिले होते.

"काका," ते म्हणाले, "आप रोज आया करो."

*

माझं मात्र तिथे दोन वेळा जाऊनही जमलं नाही. कॉलेजात असताना मी सायकल चालवत असे, म्हणजे काही अगदीच नवखी नव्हते. पण प्रत्येक सायकलीत मला खोट दिसे. ही उंच, ती जड, तिसरीची घंटी कर्कश. घंटीवर सायकल नाकारणारी मी पहिलीच, असं विद्या म्हणाली. जोशींनी त्यावर पैज लावली की मी शेवटी रंग आवडला नाही म्हणेन. मी त्यांच्या देखत एक सायकल रंगावरूनच नाकारली, त्यांना पैज जिंकल्याचं समाधान मिळावं म्हणून.

तिसऱ्या वेळी हरेशभाईंनी अगदी सहज विचारलं, "भाईसाब को भी साथ लाना था. वो नहीं आते?"

बाकीचे तिघे एकदम छताकडे बघू लागले.

"ते नाहीत," मी म्हटलं.

 हरेशभाईंनी मागे जाऊन एक साधी सायकल आणली. मधला दांडा खाली वाकलेला, म्हणजे पाय वर उचलून टाकायला नको. गिअर नाहीत. टायर जाडसर. पाना घेऊन त्यांनी सीट दोन बोटं खाली घेतली, मी बसल्यावर माझे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात ना ते वाकून पाहिलं, आणि मगच ती स्टँडमध्ये चढवली.

शेजारून चहा आला. मी प्याले. जोशी हळूच म्हणाले, ही आजीची सायकल आहे. विद्याने त्यांना गप्प केलं. खरं तर जोशींचं बरोबर होतं. त्या सायकलीवर शान अजिबात नव्हती. पण मनगटं दुखत नव्हती, पाठ दुखत नव्हती, आणि ग्लास रिकामा झाला ते मला कळलं नाही.

"कितनी बार हिली?" मी विचारलं.

"मैंने गिना नहीं," हरेशभाई म्हणाले. "आप खिडकी के बाहर देख रही थीं. हो गया आपका."

*

पहिला फोटो मी त्याच संध्याकाळी पाठवला. बिल्डिंगच्या आवारात, मी सायकलवर, चेहरा प्रसन्न. अनिकेतचं उत्तर आलं, "स्टँड लावलेलं दिसतंय."

मुलगा इंजिनिअर असला की असं होतं.

म्हणून दुसरा फोटो चालत्या सायकलीवरचा काढायचं ठरलं. काढणार जोशी. मी घाबरू नये म्हणून विद्या शेजारून पळणार. काका आवाराच्या फाटकापाशी उभे राहून रिक्षा अडवणार. चार फेऱ्या झाल्या. चारही फोटोंत विद्या उत्तम आली होती. ओढणी उडतेय, दोन्ही पाय हवेत, चेहऱ्यावर जिद्द. तिच्यामागे माझं एक कोपर आणि पाऊण चाक.

तेच पाठवलं. अनिकेतने विचारलं, "ही बाई कुणापासून पळतेय?"

*

त्यानंतर दोन महिने आम्ही दर रविवारी जात होतो. कात्रपहून निघायचं, पूल ओलांडून गावातून बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं आणि डाव्या हाताच्या टपरीवर चहा प्यायचा. पलीकडे कुणी कधी गेलं नाही. जोशी सगळ्यांत पुढे, कारण त्यांना लवकर पोचून लवकर उतरायचं असे. ऑगस्टमध्ये त्यांनी गुपचूप हरेशभाईंकडून रुंद सीट बसवून घेतली. रेसच्या सायकलीवर ती म्हशीवर ठेवलेल्या सोफ्यासारखी दिसते.  जोशी बँकेत परत खुर्चीवर बसू लागले आणि मॅनेजरबाईंनी त्यांना बोलावून घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

*

आता शेवटचा. हा माझ्या अपरोक्ष घडला, निदान अर्धा तरी, त्यामुळे तो भाग विद्याने सांगितला तसा देते.

गणपती झाल्यावर एका शनिवारी अनिकेत न कळवता आला. जेवणं झाल्यावर त्याने विषय काढला. फ्लॅटला भाडेकरू बघून ठेवलाय, चांगलं कुटुंब आहे, त्यांना दिवाळीआधी हवाय. मी म्हटलं, उद्या माझा सायकलचा दिवस आहे. तो जरा हसला. तो समजूतदार मुलगा आहे, आवाज चढवत नाही, आणि त्यामुळेच त्याला नाही म्हणणं अवघड जातं. "ठीक आहे," तो म्हणाला. "तू सायकलने जा, मी रिक्षाने तुमच्या टपरीवर येतो. चहा घेता घेता ठरवून टाकू."

सकाळी आम्ही निघालो. मी नेहमीसारखी शेवटी. गाव मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीला आला होता, लोंब्या फुटायच्या बेतात. लांबून टपरी दिसली. तिघांच्या सायकली झाडाला टेकलेल्या. बाकावर काका, जोशी, विद्या, आणि त्यांच्या मधोमध अनिकेत. समोर एक जास्तीचा भरलेला ग्लास. तो माझ्यासाठी होता. अनिकेत मला बघून उभा राहिला.

माझी बोटं ब्रेकवर होती. ब्रेक उत्तम होते, आदल्याच आठवड्यात बघून घेतले होते.

मी टपरीसमोरून पुढे गेले.

इथून पुढचं विद्याचं.  जोशींना वाटलं ब्रेक गेले, ते सायकल उचलून माझ्यामागे यायला निघाले. काकांनी त्यांच्या शर्टाला धरून खाली बसवलं. अनिकेत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मी वळणावर दिसेनाशी झाले तरी तिकडेच बघत होता.

"आई थांबली का नाही?" त्याने विचारलं.

काकांनी माझ्या ग्लासातला चहा बशीत ओतला.

"थंड होतो," ते म्हणाले. "तुमी बसा. त्यांना येळ लागंल."

मी तासाभराने परत आले. कुठपर्यंत गेले होते ते मला कुणी विचारलं नाही. बाकावर चार-पाच रिकामे ग्लास होते. अनिकेत काकांशी भाताबद्दल बोलत होता. मी उतरले. तो उठून जवळ आला, माझ्याकडे न बघता सायकलीपाशी उकिडवा बसला आणि मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"काका," तो म्हणाला, "इथे हवा कुठे भरून मिळते?"